अधिक-उणे अक्षर: दप्तरातील संमतीपासून कमांड लाइनवरील बिल्डपर्यंत

महाराष्ट्रात मलकापुरे एकाहून अधिक आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यातील, रेल्वेमुळे सर्वांना ठाऊक असलेले. दुसरे कराडला अगदी खेटून असलेले. तिसरे कोल्हापूरहून आंबा घाटाकडे जाताना लागते, ते शाहूवाडी तालुक्यातील. या धाग्याचा आरंभ त्या तिसऱ्या मलकापुरात होतो आणि शेवट संगणकाच्या काळ्या पडद्यावर.

विशाळगडच्या पंतप्रतिनिधींची जहागीर ही करवीर राज्याच्या मोठ्या जहागिऱ्यांपैकी एक. १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला, तो मोडल्यावर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि जहागिरीचे मुख्य ठिकाण गडाखालचे मलकापूर झाले. गड गेला तरी दप्तर राहिले. सनदा, इनामपत्रे, निवाडे, वसुलाचे ताळेबंद असा सारा कारभार कागदावर चाले, आणि कागदाचा खरेपणा हाच त्या कारभाराचा कणा होता.

‘प्रतिनिधी’ हे पदच मुळी कागदाच्या अडचणीतून जन्मले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले आणि मराठी राज्याला दोन केंद्रे झाली. जिंजीत राजा आणि प्रल्हाद निराजी यांच्यासाठी निर्माण केलेले प्रतिनिधीपद, तर इकडे महाराष्ट्रात ‘हुकूमतपनाह’ हा किताब मिळालेले रामचंद्रपंत अमात्य, ज्यांचा कारभार बराच काळ विशाळगडाच्या आश्रयाने चालला. दोन्हीकडून सनदा सुटू लागल्या. एकाच वतनावर दोघांचे हक्क मान्य करणारे कागद निघाले. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर मुद्रा अस्सल, आणि तरीही दोन्ही एकाच वेळी अमलात येणे अशक्य. त्यातून उद्भवलेले तंटे पुढे कित्येक वर्षे चालले.

असे काही होऊ नये म्हणून मराठी दप्तराने एक शिस्त आधीच घालून घेतली होती. राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कानुजाबत्यात अष्टप्रधानांची कामे वाटून दिलेली आहेत. त्यात सचिवाकडे जे काम आहे ते आजच्या वाचकाने थांबून पाहावे असे आहे. राजपत्रे नीट तपासावीत, त्यात एखादे अक्षर अधिक वा उणे असेल तर ते शुद्ध करावे, आणि मग आपली खूण करावी. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. राज्याच्या सर्वोच्च प्रधानांपैकी एकाला अक्षरे मोजायला बसवले होते, कारण एका अक्षराने गाव इकडचे तिकडे होत असे.

कागद तयार होऊन बाहेर पडेपर्यंत त्यावर एकामागून एक खुणा उमटत. वर मुद्रा. मजकुराच्या शेवटी मोर्तब, ज्यावर बहुधा ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. लेखनाची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. पाठीमागे ‘सुरुसूद’, ‘बार’ असे शेरे, म्हणजे कागद कोणकोणत्या टप्प्यांतून गेला त्याची नोंद. लांब कागद अनेक बंद एकमेकांना चिकटवून तयार होई, तेव्हा त्या सांध्यांवर मागून शिक्का उठवीत. अर्धा शिक्का एका बंदावर, अर्धा दुसऱ्यावर. मधला बंद काढून दुसरा घालू गेल्यास शिक्का जुळत नाही.

या सगळ्या व्यवस्थेचा रोख एकाच प्रश्नाकडे होता. जो मजकूर तपासला गेला, नेमका तोच बाहेर गेला का?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामे तपासण्याचे अधिकार मिळाले, तेव्हा ब्रिटिश अमलाखालील दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातील हजारो घराण्यांना या प्रश्नाचे उत्तर कागदानिशी द्यावे लागले. खूण नाही, दप्तरात नोंद सापडत नाही, जोड संशयास्पद आहे, अशा कारणांनी पिढीजात जमिनी खालसा झाल्या. त्या कामासाठी गोळा झालेले दप्तर पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात राहिले, आणि तेच आज इतिहासाच्या अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र आहे. ज्या कागदांनी कित्येकांची इनामे गेली, त्याच कागदांवर पुढे इतिहास उभा राहिला.

आता हाच प्रश्न सव्वाशे वर्षांनी आणि सात समुद्रांपलीकडे पुन्हा कसा उभा राहिला ते पाहू. तिथे कागद नव्हता, प्रोग्राम होता.

प्रोग्राम लिहिणारा माणूस जे लिहितो ते माणसाला वाचता येते. त्याला सोर्स कोड म्हणतात. संगणक मात्र ते जसेच्या तसे चालवत नाही. सी भाषेसारख्या भाषांत आधी त्याचे यंत्राला कळेल असे रूपांतर करावे लागते. हे काम कंपायलर करतो. मोठा प्रोग्राम शेकडो फाइलींत विभागलेला असतो. प्रत्येक फाइलीचे रूपांतर करून नंतर सगळे तुकडे जोडायचे, या साऱ्या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. म्हणजे इथेही दोन गोष्टी आहेत: तपासला जाणारा मसुदा, आणि प्रत्यक्ष रवाना होणारा कागद. दोघांमध्ये अंतर आहे. पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास हा त्या अंतराचा इतिहास आहे.

१९७६ चा एप्रिल. अमेरिकेतील बेल लॅब्ज ही युनिक्सची जन्मभूमी. तिथे स्टीव्ह जॉन्सन एके सकाळी चरफडत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची सगळी सकाळ वाया गेली होती, आणि शेवटी कळले की चूक आधीच दुरुस्त झालेली होती. फक्त ती दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. मसुदा शुद्ध होता, पण चालत होता तो जुनाच कागद.

फेल्डमन यांनाही असा अनुभव नुकताच आला होता. त्यांनी त्या आठवड्याअखेरीस एक छोटे साधन लिहिले आणि नाव ठेवले ‘मेक’. कोणती वस्तू कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे एका मजकुरात लिहून ठेवायचे. टर्मिनलवर ‘मेक’ एवढाच शब्द टंकित करायचा. साधन प्रत्येक फाइलीची वेळ पाहते, मूळ फाइल नंतर बदललेली दिसली तर तेवढाच भाग पुन्हा तयार करते. काय राहून गेले हे माणसाने लक्षात ठेवण्याची गरज संपली.

कमांड लाइनवरचे साधन म्हणजे काय, हे ‘मेक’वरून चांगले कळते. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ लिहायची आणि एन्टर दाबायचे. हे रूप दरिद्री वाटते खरे. पण त्यात एक सामर्थ्य आहे: जी आज्ञा माणूस लिहू शकतो, तीच दुसरा प्रोग्रामही देऊ शकतो. बटण दाबायला बोट लागते, ओळ मात्र रात्री दोन वाजता निर्मनुष्य खोलीतले यंत्रही चालवू शकते. पुढे जे जे स्वयंचलित झाले, ते या साधेपणामुळे.

‘मेक’च्या फाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅब द्यावा लागतो, चार स्पेस चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. या एका अदृश्य अक्षराने जगभरच्या विद्यार्थ्यांना जितका मनस्ताप दिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल. फेल्डमन यांना ही चूक फार लवकर उमगली होती, परंतु तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला! डझनभरांच्या सोयीसाठी लाखोंना शिक्षा झाली. २००३ मध्ये ‘मेक’ला एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, टॅबसकट.

त्याच १९७६ साली आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी दुसऱ्या टोकाकडून हात घातला. त्यांचा निबंध तपासणीविषयी होता. प्रोग्राम चालवून पाहण्यापूर्वी चार माणसांनी खोलीत बसून तो ओळीने वाचावा. एक जण सभा चालवणारा, एक वाचून सांगणारा, एक लिहिणारा स्वतः आणि एक चाचणी घेणारा. सापडलेला प्रत्येक दोष नोंदवायचा, तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचे नाही. फेगन यांनी ही पद्धत आकडेवारीनिशी मांडली आणि ती ‘फेगन इन्स्पेक्शन’ या नावाने रूढ झाली. कोड रिव्ह्यूचे हे पहिले शिस्तबद्ध रूप. सचिवाचे काम इथे समितीकडे आले.

या पद्धतीचा दोष तिच्या गुणातच होता. चार जाणत्या माणसांचा वेळ घ्यायचा, तर तपासणी वरचेवर होणे शक्य नाही. तेव्हा सगळाच कोड पुन्हा वाचण्याऐवजी फक्त बदललेला भाग वाचावा, ही कल्पना पुढे आली. त्यासाठीचे साधनही बेल लॅब्जमध्येच तयार होते. डग्लस मॅकिलरॉय यांचे ‘डिफ’ दोन फाइली घेते आणि कोणती ओळ अधिक, कोणती उणी एवढेच दाखवते. ‘डिफ’च्या पद्धतीवरील त्यांचा आणि जेम्स हंट यांचा निबंधही १९७६ चाच. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिले, जे ‘डिफ’ने दाखवलेला फरक दुसऱ्याच्या संगणकातील फाइलीवर चढवते. आता दूरदेशीच्या माणसाला संपूर्ण ग्रंथ न पाठवता केवळ शुद्धिपत्र पाठवता येऊ लागले.

लिनक्स याच शुद्धिपत्रांवर वाढले. लोक ईमेलने पॅच पाठवीत, इतर जण ओळीओळीखाली आक्षेप लिहीत, आणि पटल्यास लिनस टॉरवाल्ड्स ते स्वीकारीत. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. लिनक्समध्ये आमचा कोड घुसवला, असा आरोप. कोणती ओळ कोणाकडून आली हे दाखवण्याची पाळी आली तेव्हा व्यवस्थेतील उणीव उघडी पडली. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड ऑफ बाय’ म्हणून नाव घालण्याचा नियम झाला. पुढे तपासणाऱ्याच्या नावाची ओळही रूढ झाली. बंदाच्या पाठीवरचे शेरे ज्याने पाहिले आहेत, त्याला यात नवे काही वाटणार नाही.

बिल्ड आणि तपासणी या दोन वाटा अजून वेगवेगळ्याच चालल्या होत्या. दहा जण एकाच प्रोग्रामवर काम करत, प्रत्येकाच्या यंत्रावर बिल्ड नीट होई, आणि सगळे एकत्र केले की मोडे. आपण मागे पाहिलेला जिंजी आणि विशाळगडाचा पेच तो हाच: प्रत्येक कागद आपल्या जागी खरा, एकत्र आणले की परस्परविरोधी. यावर उपाय म्हणून ‘सतत एकत्र करत राहा’ हा विचार नव्वदच्या दशकात बळावला. २००१ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतील मंडळींनी ‘क्रूझ कंट्रोल’ हे साधन खुले केले, जे नवा बदल आला की आपण होऊन बिल्ड करून पाही.

खरी लोकप्रियता मात्र कोहसुके कावागुची यांच्या साधनाला लाभली. ते सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. आपल्या बदलामुळे बिल्ड मोडतो आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवतो, याला कंटाळून त्यांनी २००४ च्या उन्हाळ्यात ‘हडसन’ लिहायला घेतले. बदल दाखल करण्यापूर्वीच तो चालतो की नाही हे कळावे, एवढीच इच्छा. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये बहुसंख्य मंडळी ‘जेंकिन्स’ या नव्या नावाने बाहेर पडली. टप्प्यांच्या या साखळीला पाइपलाइन म्हणू लागले: आधी कंपाइल, मग चाचण्या, मग बांधणी, मग रवानगी. एक टप्पा फसला तर पुढचा सुरूच होत नाही. २०१६ पासून जेंकिन्समध्ये ही साखळीसुद्धा एका फाइलीत लिहून कोडशेजारीच ठेवण्याची पद्धत मुख्य झाली, म्हणजे तपासणीचा नियमही तपासणीखाली आला.

मधल्या काळात सांध्यावरच्या शिक्क्याचा प्रश्न सुटला होता. एप्रिल २००५ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिले. त्यात प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांब संख्या मिळते, आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीची संख्याही समाविष्ट असते. मागची एखादी ओळ गुपचूप बदलली तर तिची संख्या बदलते, त्यामुळे पुढचीची बदलते, आणि अखेरपर्यंत सारे शिक्के निखळतात. अर्धा शिक्का या बंदावर, अर्धा पुढच्यावर. युक्ती तीच, फक्त शाईच्या जागी गणित आले.

यानंतर बिल्ड आणि तपासणी एकत्र यायला वेळ लागला नाही. २००६ मध्ये गूगलमध्ये, पायथॉन भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी कोड तपासणीसाठी ‘मॉन्ड्रियन’ तयार केले. चित्रकार डच, लेखकही डच. पुढे त्यांनी ‘रीटव्हेल्ड’ लिहिले, ज्याचे नाव एका डच वास्तुविशारदाचे. त्यातून अँड्रॉइडच्या कामासाठी जे साधन निघाले त्याला त्याच वास्तुविशारदाचे पहिले नाव मिळाले, ‘गेरिट’. गेरिटमध्ये बदलाला दोन वेगवेगळ्या संमती लागतात. एक माणसाची, वाचून दिलेली. दुसरी पाइपलाइनची, चालवून पाहून दिलेली. दोन्ही मिळाल्याखेरीज बदल मुख्य धारेत जात नाही.

फेसबुकमध्ये निर्माण होऊन २०११ मध्ये खुले झालेले ‘फॅब्रिकेटर’ आणि त्याचे कमांड लाइनवरचे अंग ‘आर्कॅनिस्ट’ यांनी हा जोड आणखी घट्ट केला. ‘आर्क डिफ’ एवढी ओळ लिहिली की साधन आधी कोडमधील ढोबळ दोष शोधी, मग चाचण्या चालवी, आणि मगच बदल सहकाऱ्यापुढे ठेवी. मंजुरी आली की ‘आर्क लँड’. मसुदा, रुजुवात, संमती आणि रवानगी, चारही पायऱ्या दोन ओळींत. त्यामागच्या कंपनीने २०२१ मध्ये काम थांबवले. साधने येतात आणि जातात, त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही, कारण तीच रीत आता इतर साधनांत सर्वत्र आहे.

मराठी वाचकाचा या व्यवस्थेशी नित्याचा संबंध येतो, पण तो सहसा लक्षात येत नाही. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ प्रोग्रामवर चालतो, त्याचा कोड २०१२ पासून गेरिटमधून जातो. स्वयंसेवक टर्मिनलवर ‘गिट रिव्ह्यू’ ही आज्ञा देतो, बदल गेरिटवर चढतो, चाचण्यांचे यंत्र आपला निकाल नोंदवते, कोणीतरी जाणता माणूस वाचतो. ‘संपादन’, ‘इतिहास पहा’ यांसारखे मराठी शब्दही ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक भाषांतरित करतात आणि तिथून ते एका यंत्रखात्यामार्फत मूळ कोडमध्ये दाखल होतात.

इतक्या चौक्या बसल्यावर चुका थांबल्या का? २०१४ च्या पहिल्या चार महिन्यांनी याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर कानुजाबत्याच्या भाषेत सांगता येते. एक अक्षर अधिक, एक उणे.

अधिक अक्षर ॲपलचे. फेब्रुवारीत उघड झाले की सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली एका अटीखाली होती, दुसरी मोकळी. त्यामुळे पुढची सही-तपासणी दर वेळी गाळली जाई आणि निकाल मात्र ‘सर्व ठीक’ असा येई. उणे अक्षर ओपनएसएसएलचे, ज्यावर जगातील संकेतस्थळांचा मोठा हिस्सा विसंबून होता. ‘मी एवढ्या लांबीचा मजकूर पाठवत आहे’ असे समोरचा म्हणाला तर ते पडताळून पाहणारी अट लिहायची राहिली होती. कोणीही खोटी लांबी सांगून समोरच्या यंत्राच्या स्मृतीतील चौसष्ट किलोबाइटपर्यंतचा भाग मागून घेऊ शके, त्यात पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या. तो बदल २०११ च्या अखेरच्या दिवशी दाखल झाला होता, आणि तत्पूर्वी एका जाणकाराने तपासलेलाही होता. एप्रिल २०१४ मध्ये तो ‘हार्टब्लीड’ या नावाने जगापुढे आला.

माणसाची नजर अधिकापेक्षा उण्याला लवकर फसते. जे लिहिलेले आहे ते दिसते, जे लिहायचे राहिले ते दिसायला तिथे काहीच नसते. म्हणून वाचणाऱ्याच्या मदतीला यंत्र देण्याचा प्रयत्न जुना आहे. सी भाषेतील संशयास्पद जागा दाखवणारे ‘लिंट’ हे साधन १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले गेले, आणि लिहिणारे होते तेच स्टीव्ह जॉन्सन, ज्यांची सकाळ वाया गेल्यामुळे ‘मेक’ जन्मले.

या कामात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले. भारतीय सॉफ्टवेअर धंदा म्हणजे परक्यांसाठी मनुष्यबळ, अशी समजूत असण्याच्या काळात तिथे प्रोग्राम वाचणारे प्रोग्राम लिहिण्याचे संशोधन सुरू झाले. प्रोग्राम न चालवता, केवळ त्याच्या मजकुरावरून तो काय काय करू शकेल याचे अनुमान काढायचे. वाहनांतील नियंत्रक यंत्रांसारख्या ठिकाणी, जिथे चूक झाल्यावर पॅच पाठवून भागत नाही, तिथे अशा साधनांची किंमत कळते.

त्याच परंपरेतील पुण्याचे ‘व्हेरीॲब्ज’ हे कमांड लाइनवर चालणारे साधन. सी भाषेतील प्रोग्राम द्यायचा आणि विचारायचे, हा कधीतरी नको त्या स्थितीला पोहोचेल का? उत्तर ‘हो’ असेल तर वाट दाखवायची, ‘नाही’ असेल तर त्याची सिद्धता. प्रोग्राम तपासणाऱ्या साधनांची ‘एसव्ही-कॉम्प’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी होते. तिच्या ‘रीचसेफ्टी’ या गटात २०१९ आणि २०२० साली व्हेरीॲब्ज पहिले आले. युरोप-अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांची साधने मागे राहिली. वर्तमानपत्रांत त्याची मोठी बातमी झाल्याचे कोणाला आठवत नसेल, परंतु सचिवाच्या कामाचा इतका अस्सल वारस शोधून सापडणे कठीण.

हे सर्व मसुद्याच्या शुद्धतेपुरते झाले. तपासलेला आणि रवाना झालेला कागद एकच का, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानात तोच विचारला होता. कंपायलरच फितूर असला, तर सोर्स कोड कितीही निर्मळ असून काय उपयोग? त्या वेळी तो बुद्धीचा खेळ वाटला.

डिसेंबर २०२० मध्ये तो खेळ राहिला नाही. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या बिल्ड करणाऱ्या यंत्रात घुसखोरांनी एक प्रोग्राम दडवला होता. बिल्ड सुरू झाला की तो एक सोर्स फाइल बदली, बिल्ड संपला की मूळ फाइल जागच्या जागी ठेवी. तपासणाऱ्यांना दिसणारा मसुदा निर्दोष. बाहेर गेलेला कागद दूषित. आणि त्यावर कंपनीचेच अस्सल डिजिटल मोर्तब! सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत तो पोहोचला, त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती.

२०२४ चा प्रसंग याहून बारकाईचा आहे. ‘एक्सझेड’ हे लिनक्समध्ये सर्वत्र असणारे फाइली लहान करण्याचे साधन. ‘जिया तान’ हे नाव घेतलेल्या कोणा व्यक्तीने किंवा गटाने दोन वर्षांहून अधिक काळ त्यात चांगले काम करून विश्वास मिळवला आणि प्रकाशनाचा अधिकारही मिळवला. मग चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या भासणाऱ्या फाइलींत विष दडवले. ते विष बाहेर काढणारी बिल्डची ओळ मात्र सर्वांना दिसणाऱ्या गिटच्या भांडारात नव्हतीच. ती होती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. भांडारातील शिक्के सारे जुळत होते. बंद बदलला गेला तो शेवटचा सांधा संपल्यानंतर, गठ्ठा बांधताना.

पकडले ते कोणत्याही पाइपलाइनने नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता आपल्या यंत्राचा वेग मोजत होते. दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते विष तोवर शिरलेले नव्हते. काही आठवड्यांचा उशीर झाला असता तर चित्र वेगळे असते.

या अंतरावर उपाय शोधणारे काम आधीपासूनच सुरू होते. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून असा प्रयत्न चालू आहे की एकाच सोर्स कोडपासून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या यंत्रांवर बिल्ड केले तरी निघणारी फाइल शेवटच्या बिटपर्यंत तीच निघावी. हे वाटते तितके सोपे नाही. कंपाइल केल्याची वेळ, फोल्डरचे नाव, फाइलींचा क्रम अशा नगण्य गोष्टीही निकालात उमटतात आणि दोन प्रती जुळू देत नाहीत. त्या एकेक करून काढाव्या लागतात. मग कोणीही स्वतः बिल्ड करून मुकाबला करू शकतो. दप्तरात नक्कल मुळाशी पडताळून ‘रुजू’ असा शेरा मारीत, तीच ही कृती.

एक्सझेडचे मूळ कर्ते लासे कॉलिन यांनी त्यानंतर सर्व नोंदी मागे जाऊन एकेक तपासल्या, घुसवलेल्या फाइली काढून टाकल्या आणि मे २०२४ च्या अखेरीस नवी आवृत्ती काढली. मोर्तब या वेळी पुन्हा त्यांच्याच किल्लीचे होते.